वीर कीं बळी?

पाचगणीच्या टेबललँडवर पाहुण्याच्या हातांतील खाऊ हिसकावून नेणारें माकड सर्वांच्या परिचयाचें आहे. तें दक्षिणेकडील टोपीवालें माकड. प्रयोगशाळांत ज्याला विशेष मागणी असते तें ऱ्हीसस माकड हें त्याचें उत्तरेकडील भाऊबंद होय. आणि अशा वीस भाऊबंदांची हकीकत डॉ. बलराम भार्गव ह्यांच्या 'गोइंग व्हायरल' ह्या इंग्रजी पुस्तकांत आली आहे. पुस्तक २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं ग्रंथकर्ते भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक होते.

कोव्हॅक्सिन लशीच्या परीक्षेसाठीं माकडें हवीं होतीं, आणि २०२० सालच्या टाळेबंदींत अन्न मिळेनासें झाल्यामुळें तीं जंगलांत पांगलीं होतीं. महाराष्ट्राच्या वनखात्याच्या साहाय्यानें नागपूरच्या बाजूस त्यांचा शोध लागला व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-संस्थेनें पुढील प्रयोग केले. अधिकारपदावरील शास्त्रज्ञानें ही गोष्ट सामान्य वाचकापुढें मोकळेपणानें मांडावी, हें आपल्याकडे विरळा घडतें. त्याबद्दल ग्रंथकर्त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे.

आमचा आक्षेप एका शब्दाला आहे. ह्या कथेंतील वीर केवळ माणसेंच नव्हेत, माकडेंही आहेत, असा गौरव ग्रंथकर्ते करतात. हेतु कृतज्ञतेचा आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु वीर म्हणजे कोण? मुंबईंत प्लेगची लस सशांवर अजमावल्यावर हाफकिन ह्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्यांस नकार देण्याची मोकळीक होती, म्हणून त्यांच्या होकाराला वीरत्व आलें. जाळ्यांत सांपडलेल्या माकडानें ना होकार दिला, ना नकार. त्याला आपल्या भाषेंत जुना, स्वच्छ शब्द आहे: बळी. बळी म्हटलें कीं बळी देणाऱ्याचा प्रश्न आपोआप उभा राहतो. वीर म्हटलें कीं तो लुप्त होतो, आणि आपली जबाबदारी आपण त्या मुक्या प्राण्याच्याच खांद्यावर पुष्पहारासारखी घालतों.

ह्याच प्रयोगाचा शास्त्रीय निबंध डॉ. प्रज्ञा यादव व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०२१ मध्येंच 'नेचर कम्युनिकेशन्स' ह्या नियतकालिकांत छापला. पांच-पांच माकडांचे चार गट. तीन गटांस लशीचे निरनिराळे प्रकार, चवथ्यास लस नाहीं. दोन मात्रांनंतर सर्वांना विषाणूचा संसर्ग करण्यांत आला. लस न दिलेल्या गटाच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला. लस दिलेल्यांत आढळला नाहीं. फुप्फुसाच्या ऊतींची अशी पाहणी मरणोत्तर असते, हें जाणत्यास सांगावें लागत नाहीं. अजाणत्यास मात्र सांगितलें पाहिजे. निबंधाच्या रुक्ष भाषेंत गौरव नाहीं, पण हिशेब आहे. तो हिशेब वाचणारे थोडे, आणि गौरव वाचणारे पुष्कळ, हीच अडचण आहे.

कोणी म्हणेल, उघडपणानें संशोधनाच्या विरोधकांच्या हातीं कोलीत मिळेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या राज्यसभेंतील खटपटीमुळें झालेला १९६० चा कायदा प्रयोगांस मुभा देतो. परंतु अनावश्यक यातना टाळाव्या, भूल द्यावी, आणि अन्य उपाय असतां प्राणी वापरूं नयेत, अशी त्याची दृष्टि आहे. १९९८ च्या नियमांनीं संस्थांची नोंदणी व परवानगी आवश्यक केली. मात्र दप्तरांत नोंद ठेवणें निराळें आणि ती लोकांपुढें ठेवणें निराळें. ब्रिटनमधील अनेक संस्थांनीं २०१४ सालीं उघडपणाचा करार केला; तेथें यातनेच्या तीव्रतेनुसार प्रयोगांचे वार्षिक आंकडे प्रसिद्ध होतात. तेवढ्यानें तेथील संशोधन बंद पडलें नाहीं.

प्रयोग मुळांतच नकोत, असें म्हणण्याचा अधिकार निदान पाचगणीला नाहीं. १९१२ सालीं डॉ. बिलिमोरिया ह्यांनीं येथें क्षयरोग्यांसाठीं बेल-एअर आरोग्यधाम काढलें. क्षयाचा जंतु कॉखनें १८८२ सालीं सिद्ध केला तो गिनीपिगांच्या साक्षीनें, आणि स्ट्रेप्टोमायसीनचा गुणही आधीं त्यांच्यावरच पडताळला गेला. ह्या गांवच्या हवेनें जें साधलें नाहीं, तें त्या मुक्या जीवांच्या मरणानें पुढें साधलें. हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. ऋणकोनें सावकाराची स्तुति करावी, हें ठीकच. पण आधीं वहींत रक्कम लिहावी.