थिबा राजवाडा : वास्तू आणि तिच्याविषयीचे लेखन

रत्नागिरीस भाट्ये खाडीच्या वरच्या अंगास, समुद्र दृष्टिपथात येईल अशा उंचवट्यावर जी तीनमजली वास्तू उभी आहे, तिला लोक ‘थिबा राजवाडा’ म्हणतात. नाव रूढ झाले आहे आणि ते बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु या नावामुळे वाचकाची फसगत होते. राजवाडा म्हटला की राजाने आपल्या सत्तेच्या काळी, आपल्या इच्छेने उभारलेले निवासस्थान डोळ्यांपुढे येते. ही वास्तू इंग्रज सरकारने आपल्या बंदिवानासाठी बांधली. अयोध्येचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह याने कलकत्त्यानजीक मटियाबुर्ज येथे हुगळीकाठी स्वतःची वस्ती वसविली. ती हद्दपारीतही राजाचीच निर्मिती होती. रत्नागिरीच्या वास्तूस ते भाग्य नाही.

कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा थिबा याने नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे शरणागती पत्करली, तेव्हा त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते. रंगून व मद्रास येथून त्याला एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. प्रस्तुत वास्तूत त्याचा प्रवेश झाला तो नोव्हेंबर १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाच्या बंदिवासातील जेमतेम सहा वर्षे या भिंतींनी पाहिली. उरलेली सुमारे पंचवीस वर्षे सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत गेली. त्या बंगल्यांविषयी मात्र कोणी पर्यटक विचारीत नाही. दुर्बीण घेऊन सज्जात उभा राहिलेला आणि येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांकडे पाहणारा राजा हे प्रवासवर्णनकारांचे आवडते चित्र आहे. त्या चित्रात काही खोटे आहे असे नव्हे. पण त्यामुळे पाव शतकाचा कंटाळा, भत्त्यासंबंधीच्या तक्रारी आणि वाढत्या मुली हे सारे एका संध्याकाळच्या देखाव्यात विरून जाते.

वास्तूचा विचार केला तर ती दोन भाषा बोलते असे म्हणावे लागते. भिंती कोकणच्या जांभ्या दगडाच्या आहेत. उतरती छपरे, लाकडी कोरीवकाम आणि अर्धवर्तुळाकार खिडक्या यांत ब्रह्मदेशाचे स्मरण राखलेले दिसते; दिवाणखान्यातील संगमरवरी फरशी मात्र त्या काळच्या साहेबी अभिरुचीची आहे. मंडालेचा राजवाडा सागवानी लाकडाचा होता व त्याचे वैभव सोनेरी मुलाम्यात होते. तो १९४५ च्या युद्धात जळून गेला. थिबाने आपल्या पित्याच्या निधनानंतर तेथील एक दालन बाहेर हलवून मठास दिले होते, म्हणून तेवढे वाचले. आज मंडालेस दिसतो तो मागाहून पुन्हा उभारलेला राजवाडा होय. बंदिवानासाठी बांधलेले घर टिकावे आणि राजाचे घर जावे, याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. तरी या राजाच्या निवासाची मूळ वास्तू पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला रत्नागिरीची वाट धरावी लागते, हे खरे.

मराठी वाचकास आणखी एक योगायोग ठाऊक असावयास हवा. राजा या घरात राहावयास आला त्या सुमारास रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. तो तुरुंग थिबाच्याच किल्ल्याच्या तटाआत होता आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. टिळकांच्या मंडालेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. थिबाच्या रत्नागिरीविषयी त्या मानाने फारच थोडे. या विषयावरील महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, ही आपल्या इतिहासलेखनाची उणीव होय.

या ग्रंथांपैकी वॉल्टर सद्गुण देसाई यांचा ग्रंथ भारतीय विद्या भवनाने १९६७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला. सरकारी कागदपत्रांवर त्याची मदार आहे. तारखा व व्यवहार यांसाठी तो विश्वसनीय असला, तरी दप्तरातील राजा हा मुख्यतः खर्चाची आणि बंदोबस्ताची बाब म्हणून प्रकट होतो. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) ही कादंबरी नेमके दप्तराने वगळलेले पुरविते. परंतु तिच्या यशाने एक अडचण झाली : तिच्यातील मोहन सावंत हा गाडीवान अनेकांना ऐतिहासिक वाटू लागला. थोरल्या राजकन्येचा संबंध प्रत्यक्षात जडला तो गोपाळ भाऊराव सावंत या दरवानाशी, आणि त्यांची कन्या टुटू १९०६ मध्ये जन्मली. कादंबरीकारास स्वातंत्र्य आहे. ते स्वातंत्र्य पुरावा म्हणून उद्धृत करणाऱ्यास नाही. सुधा शाह यांच्या ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) या ग्रंथाने दप्तर आणि वंशजांच्या आठवणी यांची सांगड घातली. राजाच्या मृत्यूपाशी न थांबता मुलींच्या पुढील आयुष्यापर्यंत जाणे हा त्याचा मोठा गुण आहे.

कारण या घराची खरी कथा तेथेच आहे. १९१९ मध्ये कुटुंबास ब्रह्मदेशी जाण्याची मुभा मिळाली; राणी सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला वारली. थोरली राजकन्या मात्र मुलीसह रत्नागिरीस परतली व १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. जिच्यासाठी हे गाव पित्याचा तुरुंग होते, तिने ते आपण होऊन निवडले. या निवडीत प्रेम किती आणि निरुपायता किती, याचा निवाडा दप्तर करू शकत नाही. टुटू पुढे मराठी बोलत, मराठी संसार करीत रत्नागिरीतच राहिली आणि २००० मध्ये वारली.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीच्या दर्शनास आले, तेव्हा वृत्तपत्रांनी रंगूनमधील बहादूरशहा जफर याच्या कबरीची आठवण करून दिली. तुलना स्वाभाविक होती, परंतु ती पुन्हा राजांचीच होती. ज्या गावाने राजाच्या नातीला मराठी शिकविली, त्या गावातील आठवणी मराठीतच संकलित व्हावयास हव्यात. आणि ते काम त्या आठवणी सांगणारे हयात असेतोवरच होण्यासारखे आहे.