सफीनाचे खोटे

झोया अख्तर यांचा 'गली बॉय' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, तेव्हा सगळीकडे बोलबाला झाला तो रॅपचा, धारावीचा आणि मुरादचा. पुढच्या वर्षी फिल्मफेअरची १३ पारितोषिके त्याने नेली. आमच्या अकोला-अमरावतीकडच्या घरांत मात्र वेगळेच ऐकू आले. "बघा, डॉक्टरी शिकणारी, हिजाब घालणारी पोरगी घरी खोटे सांगून मुलाला भेटते. मुंबई-पुण्याला शिकायला पाठवले की हेच होणार!" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दहावीनंतर कोणत्या मुलीची तालीम थांबणार, हे पुष्कळदा अशाच बोलण्यातून ठरते. म्हणून या चित्रपटाकडे सफीनाच्या बाजूने पाहणे मला गरजेचे वाटते.

सुरुवातीचा बसमधला प्रसंग आठवा. सफीना मुरादशेजारी येऊन बसते आणि एक शब्द न बोलता त्याच्या एका कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावते. वर्षानुवर्षांची जवळीक एवढ्यात कळते. अमरावतीच्या राजकमल चौकात हे शक्य आहे का? तिथे दर तिसरा माणूस अब्बांना ओळखणारा! महानगरात गर्दी हाच पडदा होतो. धारावीच्या घरात तर एकट्याने रडायलाही कोपरा नाही, मग दोघांनी बोलायचे कुठे? बसमध्ये, नाल्यावरच्या पुलावर. शहराने या मुलांना मोकळीक दिली असे आपण म्हणतो, पण ती बसच्या एका फेरीपुरती आहे.

पुढे सफीनाचे बिंग फुटते. आपल्याला बाहेर जायचे आहे, चारचौघींसारखे वागायचे आहे, परवानगी मिळत नाही म्हणून खोटे बोलावे लागते, हे ती अम्मीला स्पष्ट सांगते. बदल्यात मार मिळतो. अम्मीला खोटे खपत नाही आणि खरेही ऐकवत नाही. याच चित्रपटात मुरादचा बाप दुसरी बायको उजळ माथ्याने घरात आणतो; त्याला कोणाशी खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. अमृता सुभाष यांनी रंगवलेली मुरादची आई तेव्हा ज्या नजरेने पाहते, त्यात आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका दिसतात. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत अस्सल काम त्यांचेच आहे.

इतके समजणारी दिग्दर्शिका सफीनाच्या रागापाशी मात्र घसरते. मुरादच्या जवळ आलेल्या मुलीच्या डोक्यात ती बाटली फोडते आणि प्रेक्षागृह हसते. हेच एखाद्या मुलाने केले असते तर? घरात कोंडलेली मुलगी प्रेमातही पहारा देऊ लागते, ही गंभीर गोष्ट होती. तिचा विनोद करून टाकला.

आणि शेवट? मुराद रंगमंचावर, हजारोंचा गजर; सफीना प्रेक्षकांत उभी. ड्रायव्हरच्या मुलाचे स्वप्न पुरे झालेले आपण डोळ्यांनी पाहतो. तिला सर्जन व्हायचे होते. तिच्या स्वप्नाला तसा एकही प्रसंग मिळत नाही. चित्रपट पाहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले, "मॅडम, मग ती डॉक्टर झाली का?"