सूचिछिद्र छायाचित्रण आणि ऐतिहासिक वास्तू : व्हेरा लुटर यांच्या बॅटरसी प्रतिमांचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून शिरणारा प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा उमटवितो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी छाया पाहणाऱ्यांस हे तत्त्व परिचित आहे. त्या पृष्ठभागाच्या जागी फिल्म अथवा प्रकाशसंवेदी कागद ठेवला की सूचिछिद्र छायाचित्र, म्हणजेच पिनहोल छायाचित्र, तयार होते. जॉर्ज डेव्हिसन यांच्या 'द अनियन फील्ड' (१८९०) या छायाचित्रामुळे या पद्धतीतील मृदू रेषा कलाविचाराचा विषय झाल्या. पुढे ऐतिहासिक वास्तूंच्या बाबतीत मात्र 'धूसरता म्हणजेच प्राचीनता' असे सोपे समीकरण मांडले जाऊ लागले. जर्मन छायाचित्रकार व्हेरा लुटर यांनी २००४ मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजनिर्मिती केंद्रात घेतलेल्या प्रतिमा या समीकरणाचा फेरविचार करावयास लावतात.

तंत्र आणि काळ

सूचिछिद्राचे खरे वैशिष्ट्य धूसरतेत नसून काळात आहे. छिद्रापासून फिल्म ७५ मिलिमीटर अंतरावर असल्यास छिद्राचा योग्य व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर येतो. अशा छिद्रातून एफ-१६ या छिद्रमानाच्या भिंगाच्या तुलनेत सुमारे १४० पट कमी प्रकाश मिळतो. शिवाय दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनक्षमता घटत असल्याने उद्भासनकाल आणखी वाढवावा लागतो. लुटर यांनी हा काळ टोकापर्यंत नेला. त्या खोलीएवढ्या कॅमेऱ्यात मोठे कागद लावतात आणि त्यांचे उद्भासन कधी काही तास, तर कधी कित्येक दिवस चालते. कागदावर उमटलेली निगेटिव्ह प्रतिमा हीच त्यांची अंतिम कलाकृती असते. आकाश काळे आणि सावल्या उजळ दिसल्यामुळे ओळखीची वास्तू नव्याने न्याहाळावी लागते. स्मरणरंजनास येथे फारसा वाव उरत नाही.

साक्षीच्या मर्यादा

तथापि अशा प्रतिमेला निखळ दस्तऐवज मानता येत नाही. थेट कागदावर उमटलेल्या चित्रात डावे-उजवे पालटते. बॅटरसीची चार धुराडी सममित असल्याने ही बाब तेथे सहज जाणवत नाही. याहून गंभीर मर्यादा माणसांविषयीची आहे. दीर्घ उद्भासनात चालणाऱ्या व्यक्तीची खूण उरत नाही. बॅटरसीचे केंद्र १९८३ मध्येच बंद पडले होते. त्यामुळे तेथील रिकामेपण वास्तवाला धरून आहे. परंतु नित्य पूजा चालणाऱ्या विरूपाक्ष मंदिराच्या प्रांगणात हेच तंत्र वापरल्यास भाविकांची वर्दळ पुसली जाईल आणि जिवंत वास्तू अवशेषासारखी भासेल. रिकामेपण वास्तूचे आहे की तंत्राचे, हे प्रतिमा स्वतः सांगत नाही. म्हणून उद्भासनकालाची नोंद प्रतिमेसोबत असणे आवश्यक ठरते. लुटर आपल्या शीर्षकांत स्थळ आणि दिनांक देतात, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

समारोप

बॅटरसीची मूळ धुराडी २०१४ पासून पाडण्यात आली आणि २०१७ पर्यंत त्याच आराखड्यानुसार नवी उभारली गेली. २०२२ मध्ये ही वास्तू दुकाने व कार्यालयांसह लोकांसाठी खुली झाली. बाह्य रूप कायम राहिले, पण धुराड्यांचे मूळ बांधकाम गेले. लुटर यांच्या कागदावर मात्र त्या मूळ धुराड्यांवरून परावर्तित झालेला प्रकाशच प्रत्यक्ष पोहोचला होता. धुराड्यांची प्रतिकृती झाली. निगेटिव्ह मात्र एकमेवच राहिली. सूचिछिद्राच्या प्रयोगाचे मोल जुनेपणाचा आभास निर्माण करण्यात नसून वास्तू आणि काळ यांच्यातील हा थेट संबंध जपण्यात आहे. ऐतिहासिक वास्तूंवरील अशा प्रयोगांचे मूल्यमापन करताना हाच निकष लावणे उचित ठरेल.