लांबलेल्या क्षणाचा साक्षी

कादंबरीतील काळाची चर्चा सुरू झाली की टीकाकाराच्या लेखणीतून आइन्स्टाइनचे नाव हटकून उतरते. एखाद्या लेखकाने एका संध्याकाळचा पट दोनशे पृष्ठांवर पसरलेला असला, तर विसाव्या शतकाने काळाची निरपेक्षता मोडून काढली आणि कादंबरीकाराने तिचा प्रत्यय दिला, असे सांगून टीकाकार मोकळा होतो. भौतिकशास्त्रात काळ मंदावतो, मनात काळ मंदावतो आणि कादंबरीतही मंदावतो. तेव्हा ही तीनही मंदपणे एकाच जातीची असली पाहिजेत, असे त्यामागील गृहीत असते. ते तपासून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. वस्तुतः ही तीन मंदपणे तीन वेगळ्या साक्षीदारांवर उभी आहेत, आणि साक्षीदार बदलला की मंदपणाचा अर्थही बदलतो.

आइन्स्टाइनचा विशिष्ट सापेक्षतेवरील निबंध 1905 सालचा. त्याच्या पन्नास वर्षे आधी, क्रिमियाच्या युद्धात स्वतः सेवास्तोपोलच्या तटबंदीवर असलेल्या तरुण टॉलस्टॉयने 'मे महिन्यातील सेवास्तोपोल' ही कथा लिहिली. तिच्यात प्रास्कुखिन आणि मिखाइलोव्ह हे दोन अधिकारी रात्री तटावरून परतत असताना आकाशातून येणारा बाँब पाहून जमिनीवर पालथे होतात. बाँब जवळच पडतो, पण लगेच फुटत नाही. वात जळत असते. या मधल्या क्षणात प्रास्कुखिनच्या मनात काय काय येऊन जावे? मिखाइलोव्हचे आपण बारा रुबल देणे लागतो, पीटर्सबर्गमधले आणखी एक कर्ज कधीच फेडायला हवे होते, आपण प्रेम केलेल्या स्त्रीच्या टोपीला जांभळ्या फिती होत्या, पाच वर्षांपूर्वी एकाने केलेल्या अपमानाची परतफेड राहून गेली. पाय कापावा लागला तर क्लोरोफॉर्म मागून घ्यावे. आणि मेला तर कदाचित मिखाइलोव्हच मरेल, मग त्याची हकीकत इतरांना सांगता येईल. बाँब फुटतो. केवळ मुका मार लागला, देवाची कृपा, असे प्रास्कुखिनला वाटते. त्याच्या डोळ्यांसमोरून सैनिक जात असतात, त्यांना तो नकळत मोजू लागतो, आपण जखमी असल्याचे ओरडून सांगू पाहतो. आणि मग टॉलस्टॉय कोरडेपणाने कळवतो, की छातीत घुसलेल्या तुकड्याने तो जागच्या जागीच ठार झाला होता.

चेर्निशेव्स्कीने 1856 साली टॉलस्टॉयच्या आरंभीच्या लेखनाचे परीक्षण करताना नेमका हाच उतारा पुढे ठेवला आणि या लेखकाचे लक्ष मनोव्यापाराच्या परिणामापेक्षा त्या व्यापाराच्या गतीकडेच आहे, असा अभिप्राय दिला. साहित्याला लांबलेल्या क्षणाचे ज्ञान होण्यासाठी भौतिकशास्त्राची वाट पाहावी लागली नाही, एवढे यावरून सिद्ध होते. पण तो मुद्दा गौण. महत्त्वाचा प्रश्न असा, की प्रास्कुखिनचा हा क्षण लांबला होता हे कोणाला ठाऊक? तो तर मेला.

भौतिकशास्त्राची साक्ष आधी ऐकावी. काळ खरोखर मंदावतो, यात आता शंकेला जागा नाही. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणांमुळे म्युऑन नावाचे मूलकण निर्माण होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या 2.2 पट एवढेच. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी त्या अवधीत त्यांची मजल साडेसहाशे मीटरच्या आसपास जावी. तरीही कित्येक किलोमीटर कापून ते भूपृष्ठावर मोठ्या संख्येने पोहोचतात. रॉसी आणि हॉल यांनी 1941 साली मोजमापे घेऊन याची प्रचीती दिली. 1971 साली हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सेकंदाच्या अब्जांश भागाच्या सुमारे 59 पट मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे 273 पट पुढे गेली. वाटाड्याचे काम करणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या सुमारे 38 पट पुढे धावतात, आणि ती तफावत हिशेबात धरली नाही तर स्थाननिश्चितीत दिवसागणिक काही किलोमीटरांची चूक साचत जाईल. 2022 साली तर अमेरिकेतील संशोधकांनी अवघ्या एका मिलिमीटरच्या उंचीने काळाच्या गतीत पडणारा फरक मोजून दाखवला. टेबलावर उभ्या ठेवलेल्या ग्रंथाच्या वरच्या कडेपाशी काळ खालच्या कडेपेक्षा किंचित जलद चालतो, हे विधान आज अलंकारिक राहिलेले नाही.

परंतु या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: ज्याचा काळ मंदावतो, त्याला तो मंद वाटत नाही. विमानातील घड्याळाबरोबर बसलेल्या माणसाची नाडी, श्वास, विचार, सारे त्या घड्याळाशी सुसंगतच चालते. म्युऑनला स्वतःचे आयुष्य लांबलेले नसते. त्याच्या दृष्टीने आयुष्य तेवढेच, वातावरणाची जाडीच कमी झालेली. मंदपणा दिसतो तो दोन घड्याळे शेजारी ठेवली म्हणजे. तो एक संबंध आहे, भाव नव्हे. 'एकट्याचा मंद काळ' ही कल्पनाच सापेक्षता-सिद्धांतात बसत नाही. म्हणून 'आइन्स्टाइनने काळ व्यक्तिनिष्ठ केला' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा त्या बिचाऱ्या शास्त्रज्ञाच्या तोंडी त्याच्या म्हणण्याच्या उलट विधान घातले जाते. त्याच वाक्यात बेर्गसाँलाही त्याचा सहकारी म्हणून उभे करण्याची पद्धत आहे. 6 एप्रिल 1922 रोजी पॅरिसमध्ये हे दोघे समोरासमोर आले ते वादी-प्रतिवादी म्हणून, आणि मतभेद नेमका या मुद्द्यावर होता, हे अशा वेळी विसरले जाते.

मनाची साक्ष निराळी. मराठीने 'वेळ' आणि 'काळ' हे दोन शब्द वेगळे ठेवून या बाबतीत मोठी सोय केली आहे. वेळ जाता जात नाही, असे आपण म्हणतो. काळाविषयी सहसा तसे म्हणत नाही. काळ म्हणजे मृत्यूही. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' या म्हणीत हे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या फटीतून एक माणूस जिवंत निसटतो. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम याने 1892 साली आल्प्सच्या कड्यांवरून पडून वाचलेल्यांचे अनुभव एकत्र केले, ती सगळी माणसे या म्हणीतली होती. पडताना काळ विलक्षण विस्तारला, विचार अतिवेगाने पण स्वच्छपणे चालले, असे अनेकांनी सांगितले. प्रश्न राहिला तो असा, की त्या क्षणी त्यांना खरोखर अधिक दिसत होते, की पुढे आठवताना अधिक आठवत होते? 2007 साली स्टेटसन, फिएस्टा आणि ईगलमन यांनी याची कसोटी घेतली. 31 मीटर उंचीवरून माणसांना जाळ्यात पाठमोरे पडू दिले आणि त्यांच्या मनगटावर इतक्या जलद पालटणारे आकडे लावले, की एरव्ही ते वाचता येऊ नयेत. काळ मंदावला असेल तर आकडे वाचता यावेत. ते वाचता आले नाहीत. तरीही स्वतःच्या पडण्याचा अवधी त्यांनी दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्क्यांनी जास्त सांगितला. भीतीने स्मृतीची वीण दाट होते आणि दाट वीण लांब अवधीसारखी वाटते, असा या प्रयोगाचा अर्थ लावण्यात आला. अनुभवांनी भरलेला काळ मागे वळून पाहताना लांब भासतो, हे विल्यम जेम्सने 1890 सालीच नोंदवून ठेवले होते.

म्हणजे मनातला मंद काळ हा वाचलेल्याचा काळ आहे. त्याला 'नंतर' लागते. आणि प्रास्कुखिनला नंतर नाही.

येथे साहित्याचा स्वतंत्र व्यवहार सुरू होतो. ग्युंटर म्युलर या जर्मन समीक्षकाने 1948 साली निवेदनाला लागणारा काळ आणि निवेदित घटनेचा काळ यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. कथेतील मंदपणा म्हणजे या दोहोंचे गुणोत्तर होय. दोन घड्याळे पुन्हा आलीच. या मर्यादित अर्थाने कथेचा काळ मनापेक्षा भौतिकशास्त्राच्या काळाला रचनेने जवळचा आहे. मात्र त्या घड्याळांपैकी एक वाचकाच्या हातात असते, आणि त्या वाचकाला भावही असतो. तुलना आणि प्रत्यय एकाच ठिकाणी नांदण्याची सोय इतरत्र कोठेही नाही.

ही कसोटी लावली की काही प्रसिद्ध उदाहरणांची किंमत पालटते. बोर्हेसच्या 'गुप्त चमत्कार' या 1943 सालच्या कथेत प्रागमधील नाटककार ह्लादीक नात्झींच्या बंदुकांपुढे उभा असतो. अपुरे नाटक पुरे करण्यासाठी त्याने देवाकडे एक वर्ष मागितलेले असते, ते त्याला मिळते: गोळी झाडण्याचा हुकूम सुटतो, जग थिजते, गालावरचा पावसाचा थेंब थांबतो, आणि ह्लादीक मनातल्या मनात वर्षभर ओळी रचीत राहतो. काळाच्या मंदगतीचे याहून शुद्ध उदाहरण नाही असे वाटते. पण घड्याळे शेजारी ठेवून पाहावीत. ते संपूर्ण वर्ष बोर्हेस एक-दोन परिच्छेदांत उरकतो. वाचकाच्या हाती मंद काळ पडतच नाही. पडते ती मंद काळाची अत्यंत बुद्धिमान कल्पना. टॉलस्टॉयचा वातीचा क्षण मात्र वाचायला त्याच्या अवधीच्या अनेक पट वेळ लागतो, आणि वाचक तो वेळ बाँबशेजारी काढतो. अँब्रोज बिअर्सच्या 1890 सालच्या आउल क्रीक पुलाच्या कथेत तिसराच डाव आहे. फाशीच्या दोराखाली उभ्या असलेल्या फार्क्वारला स्वतःच्या खिशातल्या घड्याळाचे ठोके लांबत चालल्यासारखे ऐकू येतात; पुढे दोर तुटतो, तो पोहून पळतो, घरी पोहोचतो, आणि तेथेच मान मोडून मरतो, कारण तो पुलाखालून हललेलाच नसतो. दुसरे घड्याळ लेखकाने शेवटपर्यंत लपवून ठेवलेले असते. युक्ती बिनतोड आहे, पण दुसऱ्या वाचनात ती युक्तीच उरते.

आपल्या परंपरेतही आइन्स्टाइन शोधणारे आहेत. भागवतातील ककुद्मी राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो, गंधर्वांचे गायन चालू असल्यामुळे थोडा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटतात. त्यात सापेक्षता-सिद्धांत आहे म्हणणे धाडसाचे आहे. सिद्धांताला नियम लागतो, कोणत्या कारणाने किती फरक पडावा याचे गणित लागते, आणि पुराणकाराला त्याची गरज नव्हती. तथापि एक गोष्ट पुराणकाराने अचूक पकडली आहे: ककुद्मीला काहीही जाणवत नाही. परतण्याच्या वेळीच, मनात योजलेल्या वरांची नातवंडे-पणतवंडेही उरली नाहीत हे कळल्यावर, फरक प्रकट होतो. उलट योगवासिष्ठातील लवण राजा इंद्रजालिकासमोर बसल्या बसल्या काही घटकांत विंध्यातल्या चांडाळवस्तीतले सबंध आयुष्य भोगून येतो. पहिली कथा तुलनेची, दुसरी प्रत्ययाची. आपल्या कथाकारांनी हे दोन प्रकार एकमेकांत कालवले नाहीत. ते काम आपण केले. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (1942) या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत जाणीवपूर्वक आले. पण त्या नावामागे रात्रभर राबण्याचा आपला साधा वाक्प्रचार आहे, याची आठवण काळाच्या चतुर्थ परिमितीची चर्चा करण्यापूर्वी ठेवलेली बरी.

एक आक्षेप येथे संभवतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील भयभीत हरिणाचा दाखला देऊन अभिनवगुप्ताने सांगितले, की तेथे प्रतीत होणारे भय देशकालाने स्पर्शिलेले नसते. रस जर कालातीत, तर निवेदनाच्या घड्याळांचा हिशेब कशाला? परंतु अभिनवगुप्त ज्या काळाचे निराकरण करतो तो 'अमुक दिवशी, अमुक हरिणाचे' असा विशेष काळ आहे. श्लोकाच्या घडणीतला काळ तेथेही काम करीतच असतो. हरिण प्राणांतिक वेगाने धावत आहे. कालिदास मात्र त्याच्या वळलेल्या मानेपाशी थांबतो, बाणाच्या भयाने आकसलेल्या शरीरापाशी थांबतो, श्रमाने उघडलेल्या तोंडातून वाटेवर गळणाऱ्या अर्धवट चावलेल्या दर्भापाशी थांबतो. भरधाव रथातून ते दर्भ दिसण्याची शक्यता फार थोडी. ते दिसतात, कारण शब्दांनी तेवढा अवकाश काढून ठेवला आहे. भय विशेष काळापासून सुटते ते या थांबण्यामुळेच, असे म्हणण्यास हरकत नसावी. हरिणही आपली साक्ष द्यायला येणार नसते.

व्हर्जिनिया वुल्फने 'टू द लाइटहाउस' (1927) या कादंबरीत हेच माप उलट बाजूने वापरले. एक संध्याकाळ निम्म्याहून अधिक पुस्तक व्यापते. पुढची दहा वर्षे थोड्या पृष्ठांत सरतात, आणि जिच्या अस्तित्वाने ती संध्याकाळ भरलेली होती त्या मिसेस रॅम्झेचा मृत्यू कंसात टाकलेल्या एका वाक्यात कळतो. ते वाक्य इतके लागते, याचे कारण आधीच्या संध्याकाळने वाचकाच्या हातातले घड्याळ एका गतीला लावून दिलेले असते.

टॉलस्टॉयच्या कथेत मिखाइलोव्हही त्याच जमिनीवर, त्याच वातीकडे कान देऊन पडलेला असतो. स्फोट होताच आपण मेलो, असे त्याला वाटते. त्याच्या डोक्याला केवळ दगड चाटून गेलेला असतो, तो उठतो. हाइमला अथवा ईगलमनला मिखाइलोव्ह पुरला असता. त्याला विचारता येते, त्याच्या आठवणीची टक्केवारी काढता येते. टॉलस्टॉयने त्याला जिवंत ठेवले, त्याचे म्हणणेही नोंदवले. पण बारा रुबलांचे देणे, जांभळ्या फिती आणि मोजून संपत नसलेले सैनिक हा अधिक लांब क्षण त्याने दिला तो शेजारच्या माणसाला.