अंगठा : काल सावकाराचा, आज यंत्राचा

मराठीत अलीकडे एक नवे प्रबोधन-वाङ्मय जन्माला आले आहे. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर, बँकेच्या दारावर, फोन लावला की कानात, ते सगळीकडे भेटते. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका, मोहाला बळी पडू नका. हे वाङ्मय कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, आणि म्हणून त्याची समीक्षाही होत नाही. माझ्या मते ती झाली पाहिजे. भाषा कोणाला उद्देशून बोलते आणि कोणाला दोषी धरते, हे तपासणे समीक्षेचे कामच आहे.

या वाङ्मयाचा नायक कोण? ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःच्या नावाचे सिमकार्ड आहे, पडद्यावरची अक्षरे ज्याला वाचता येतात आणि विचार करायला ज्याला उसंत आहे, असा हा नायक. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चाललेल्या लुटीविषयी पंतप्रधान २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये बोलले. थांबावे, विचार करावा, मग कृती करावी, अशी त्रिसूत्री त्यांनी सांगितली. सल्ला चुकीचा नाही. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हे प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे. पण गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर गुन्ह्यांत देशातील लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. एवढी रक्कम निव्वळ लोकांच्या मोहापायी आणि अज्ञानापायी गेली, असे भिंतीवरची पत्रके सुचवतात. व्यवस्थेचे नाव त्यांत कुठेच येत नाही.

आता हा नायक घेऊन उंबरमाळीला उतरावे. खर्डी आणि कसारा यांच्यामधले हे स्टेशन, शहापूर तालुक्यातले. याच तालुक्यात १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले, पुढे भातसा झाले. पाणी मुंबईला गेले, आणि धरणाच्या तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आज पाण्याच्याच वाटेने माणसांची माहितीही बाहेर चालली आहे. रेशनला अंगठा, निराधार योजनेच्या पैशाला अंगठा. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली. २०२५ मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली, आणि लगोलग त्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. ज्या घरात एकच फोन, आणि तोही वीटभट्टीवर गेलेल्या मुलाच्या खिशात, त्या घरातल्या बाईने ओटीपी कोणाला सांगायचा नाही? तिला तो दुसऱ्याकडून ऐकावा लागतो, दुसऱ्याला सांगावा लागतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलीच पाड्याचे फॉर्म भरतात. सबंध पाड्याची गुपिते एका विद्यार्थिनीच्या फोनमध्ये असतात. तिच्यावरच्या या ओझ्याविषयी एकही पत्रक बोलत नाही.

अंगठ्यावर चालणाऱ्या बँकेचा व्यवहार पाहावा. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. रक्कम टाकतो बँक मित्र, पडदा वाचतो तोच. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लाव’ असे त्याने म्हटले, तर पहिल्या वेळी काय झाले हे म्हातारीला कसे कळणार? वीट-माती उचलून बोटाच्या रेषा झिजतात, ठसा खरोखरच उमटत नाही. त्यामुळे लबाडी आणि बिघाड यांतला फरक बाहेरून दिसत नाही. बरे, समोर बँक मित्र तरी हवाच असे नाही. २०२३ साली पश्चिम बंगालमध्ये जमीन-नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याची व त्यांवर खाती रिकामी केल्याची प्रकरणे उघड झाली. त्या लोकांनी कोणती लिंक उघडली होती? त्यांचा दोष एवढाच, की सरकारने मागितला तेथे त्यांनी अंगठा दिला.

आधारचा आरंभच आदिवासी पाड्यावर झाला, हे विसरता येत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे एका आदिवासी बाईला देशातला पहिला क्रमांक मिळाला. पंतप्रधान आले, छायाचित्रे निघाली. त्या क्रमांकाने आपल्या पोटापाण्यात फरक पडला नाही, हे तिने पुढे वार्ताहरांना सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालात बँक खाते आणि सिमकार्ड यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, आणि सरकारी अनुदान व लाभ यांसाठीची सक्ती मात्र टिकली. म्हणजे खातेदाराला खाजगीपणा मिळाला, रेशन खाणाऱ्याला तो पोटाच्या बदल्यात गहाण ठेवावा लागला.

हे गहाणखत नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या कागदांवर होता. गावोगाव कर्जरोखे हिसकावले गेले, जाळले गेले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यातला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, तो कागद हेच आपल्या गुलामीचे हत्यार आहे, हे त्या निरक्षर माणसांनी नेमके ओळखले होते. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला. शेतकऱ्याच्या दैन्याच्या मुळाशी विद्येचा अभाव आहे हे त्यांनी सांगितले. पण त्या अभावाला त्यांनी शेतकऱ्याचा गुन्हा ठरवले नाही. त्या अभावावर जगणाऱ्यांना त्यांनी आरोपी केले. परक्या सरकारलाही १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, आणि रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयावर टाकावे लागले. तो कायदा अपुरा होता, भूमिहीनाला त्यातून काही मिळाले नाही. तरी अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व त्यात होते. आजच्या प्रबोधन-वाङ्मयात ते दिसत नाही.

ठशाचा दुसराही इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९११ च्या कायद्याने त्यांच्या नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. येथे आपल्या साहित्याचा प्रश्न येतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०) आली तेव्हा घरातले, वस्तीतले चव्हाट्यावर का मांडता, असा आक्षेप आपल्यांतूनही निघाला. पण त्या लेखकांनी स्वतःचे जगणे स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या इच्छेने सांगितले. काय सांगायचे आणि काय झाकायचे, हे त्यांच्या हाती होते. खाजगीपणाचा खरा अर्थ मला येथे सापडतो. खाजगीपणा म्हणजे केवळ बंद दार असे मानले, तर एका खोलीच्या झोपडीला तो हक्क कधीच मिळणार नाही. आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार आपल्या हाती असणे, हा त्याचा गाभा आहे. नोंदवहीत आणि यंत्रात माणूस असतो, त्याचा शब्द नसतो. दलित-आदिवासी आत्मकथनाने हा शब्द मिळवला. नव्या पिढीच्या लेखनात मात्र अंगठ्याचे हे नवे यंत्र अजून पुरेसे आलेले नाही.

कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले, की बँकेच्या हलगर्जीपणाने पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी शून्य. आणि ग्राहकाचाच दोष होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. १८७९ चे तत्त्वच येथे पुन्हा आले आहे. भिंतीवर ‘सावध राहा’ ठळक छापले जाते. हे कलम मी कोणत्याही भित्तिपत्रकावर वाचलेले नाही. जे वाङ्मय गरिबाला त्याचे कर्तव्य सांगते आणि त्याचा हक्क लपवते, त्याला प्रबोधन म्हणता येत नाही.

तेव्हा आपली पत्रके आपणच लिहिली पाहिजेत, ठाकरी-कातकरी बोलीत, मोठ्या अक्षरांत. प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती मागा. ती दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पैसे गेले तर त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आपले विद्यार्थी हे करू शकतात. आणि फसलेल्या माणसाला ‘तू कसा फसलास?’ असे विचारण्याआधी ‘तुझा अंगठा कोणी मागितला होता?’ असे विचारायला आपण शिकले पाहिजे.