‘नॉक अप’ : व्युत्पत्ती आणि आख्यायिका

धातू आणि क्रियाविशेषण यांच्या संयोगाने सिद्ध होणाऱ्या इंग्रजी क्रियापदांत ‘नॉक अप’ हे अर्थभेदाचे ठळक उदाहरण होय. दार ठोठावून निजलेल्यास जागे करणे हा त्याचा अर्थ सतराव्या शतकापासून आढळतो. ब्रिटनमधील गिरणगावांत लांब काठीने खिडक्या वाजवून मजुरांना पहाटे उठविणाऱ्या ‘नॉकर-अप’चा व्यवसाय ह्याच अर्थावर उभा होता. थकून गलितगात्र होणे हा दुसरा अर्थ; जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) ह्या कादंबरीत तो फॅनीच्या संदर्भात निःसंकोचपणे आला आहे. अमेरिकेत मात्र स्त्रीस गर्भवती करणे हा ग्राम्य अर्थ प्रबळ ठरला. त्याची नोंद १८१३ पासून मिळते.

ह्या ग्राम्य अर्थाचे मूळ गुलामांच्या बाजारात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. त्यास आधार दाखविला जातो तो १८३६ साली डेव्हिड क्रॉकेटच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या टेक्ससविषयक पुस्तकाचा. गुलाम स्त्रिया लिलाववाल्याच्या हातोड्याने ‘नॉक डाउन’ होतात आणि खरेदीदाराकडून ‘नॉक अप’, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे.

हा आधार परीक्षेला उतरत नाही. एक तर १८१३ ची नोंद त्याहून जुनी आहे. दुसरे असे की, कोटी साधावयाची तर दोन्ही प्रयोग वाचकास आधीच परिचित असावे लागतात. कोटी ही अर्थाची साक्षीदार असते, जननी नव्हे. उलट, ‘नॉक’ ह्या एकट्या धातूला सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून संभोगाचा ग्राम्य अर्थ होता. ग्राम्य अर्थाचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘अप’ येथे दिशा दाखवीत नाही. मराठीतील ‘मारून टाकणे’ ह्यातल्या ‘टाकणे’प्रमाणे ते क्रियेची परिपूर्ती सुचविते.

तथापि, व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून बाद ठरलेले हे वाक्य इतिहासाचा पुरावा म्हणून बाद ठरत नाही. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा मातेवरून ठरविला आणि पुढे इतर वसाहतींतही तीच रीत रूढ झाली. परिणामी गुलाम स्त्रीपासून झालेले खरेदीदाराचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता ठरे. असे वाक्य विनोद म्हणून छापता आले, ह्यातच त्या समाजाची साक्ष आहे. ती ऐकण्यासाठी खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही.