प्यानोप्सिया : विधीचे सातत्य आणि धर्माचे पुनरुज्जीवन

ग्रीक कृषिधर्माच्या अभ्यासात अथेन्सच्या प्यानोप्सिया उत्सवाइतका साधा, आणि त्यामुळेच इतका फसवा, विषय क्वचितच आढळेल. फळांचा हंगाम सरून पेरणी तोंडावर आली असता, प्यानोप्सिऑन महिन्याच्या (सामान्यतः ऑक्टोबर) सातव्या दिवशी तो अपोलोच्या नावाने होई. उत्सवाचे नाव मात्र देवावरून पडलेले नाही. ते पडले आहे शिजविलेल्या बाकल्यावरून. बाकला आणि इतर धान्ये एकाच भांड्यात उकडीत. मुले लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची डहाळी, तिला फळे व पाव बांधून, गाणी म्हणत मिरवीत. ‘एइरेसिओनी’ नावाची ही डहाळी पुढे वर्षभर दारावर राही. अ‍ॅरिस्टोफानीसने ‘प्लूटस’ नाटकात (इ. स. पू. ३८८) एका म्हातारीस जुन्या एइरेसिओनीची उपमा दिली आहे : ठिणगी पडताच भडकेल इतकी वाळलेली. दारोदारी ती लटकत असल्याखेरीज हा विनोद रंगभूमीवर वठला नसता.

मार्टिन निल्सन या स्वीडिश पंडिताने ग्रीक लोकधर्मावरील आपल्या १९४० च्या ग्रंथात अशा उत्सवांचा उलगडा केला आहे. विधी आधीचा, देव मागाहून येऊन त्याला चिकटला. म्हणूनच देव गेले तरी विधी टिकला, असा त्याचा आशय. या मताला एल्यूसिसचे उदाहरण फार सोयीचे आहे. तेथे डिमीटरच्या मंदिराच्या अवशेषांवरील टेकडीवर मेरीचे एक छोटे देऊळ असून, ‘मेसोस्पोरीतिसा’, म्हणजे पेरणीच्या मध्यावरची माता, हे तिचे नाव. २१ नोव्हेंबरच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी स्त्रिया गहू व कडधान्ये एकत्र उकडून आणतात. धर्मगुरूने आशीर्वाद दिल्यावर ती वाटली जातात.

साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पण साम्य म्हणजे सातत्य नव्हे. इ. स. ३९१–९२ मध्ये थिओडोसिअसच्या आज्ञांनी जुनी पूजा निषिद्ध ठरली. तेव्हापासूनच्या शतकांचा दुवा केवळ भांड्याच्या आकारावरून जोडता येत नाही. शिवाय त्या भांड्यात आता मका आणि घेवडाही पडतो. ही अमेरिकेतून आलेली धान्ये प्राचीन अथेन्सला ठाऊकच नव्हती. यापेक्षा गंभीर आक्षेप असा की, निल्सनच्या कसोटीत त्या स्त्रियांची श्रद्धा हिशेबातच येत नाही. त्या मेरीकडे येतात, डिमीटरकडे नव्हे. त्यांच्या भक्तीला निव्वळ अवशेष म्हणणे ही अभ्यासकाची सोय झाली.

याच कसोटीवर आजचे पुनरुज्जीवनवादी कृत्रिम ठरतात. ग्रीसमध्ये १९९७ साली प्राचीन धर्माच्या अनुयायांची सर्वोच्च परिषद स्थापन झाली आणि २०१७ मध्ये या धर्माला तेथे ‘ज्ञात धर्म’ म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत २००१ मध्ये ‘हेलेनियॉन’ हा संघ निघाला. त्याच्या पंचांगात प्यानोप्सियाची तिथी अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनावरून काढलेली असते. उपासकाचा पेरणीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. दक्षिण गोलार्धात ती तिथी पाळणाऱ्याच्या दारी तर वसंत ऋतू असतो. येथे देवाचे नाव आहे, शेत नाही. एल्यूसिसला शेत आहे, देवाचे नाव नाही.

तरीही एवढ्यावरून पहिला पक्ष खोटा आणि दुसरा खरा ठरविणे उतावीळपणाचे होईल. शेत आणि उत्सव यांची ताटातूट प्राचीन काळीच सुरू झाली होती. प्लूटार्कच्या ‘थीसिअस’ चरित्रात बाकल्याचा खुलासा कृषीने केलेलाच नाही : क्रीटहून सुखरूप परतलेल्या तरुणांनी उरलीसुरली शिधासामग्री एका भांड्यात शिजवून एकत्र खाल्ली, त्याची ती आठवण. म्हणजे धान्याचा नैवेद्य तेव्हाच नगराच्या इतिहासाचा स्मृतिदिन झाला होता. आणि हा खुलासा नोंदविणारा प्लूटार्क स्वतः डेल्फी येथे अपोलोचा पुरोहित होता.